पहिला ॲम्प कुठे मिळेल?

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर आवाज करणाऱ्या वस्तूंना तोटा नाही. मेहेर सिग्नलकडून आत शिरलं की मोबाइलच्या दुकानांत ब्लूटूथ स्पीकरच्या रांगा दिसतात. चाकं आणि माइक लावलेले ट्रॉली स्पीकर फुटपाथपर्यंत आलेले असतात, टीव्हीबरोबर साउंडबार घ्या म्हणून आग्रह होतो. पण कॉलेजातल्या एखाद्या मुलाने किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीने विचारलं, की मला बसून नीट गाणं ऐकायचंय, एक साधा स्टिरिओ ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि दोन चांगले स्पीकर हवेत, पंचवीस-तीस हजारांत काय दाखवाल, तर समोर बहुधा साउंडबारच येतो. गंगापूर रोड, कॉलेज रोडकडच्या चकचकीत दालनांत चौकशी केली तर बोलणं होम थिएटरवर जातं आणि आकडा लाखाच्या पुढे सरकतो. या दोन टोकांच्या मधली फळी रिकामी आहे.

वीस लाखांचे स्पीकर ज्यांना परवडतात त्यांनी ते जरूर घ्यावेत. उत्तम वस्तू महाग असणं यात नवीन काही नाही. मला काळजी वाटते ती पहिल्या पायरीची. चांगला आवाज म्हणजे काय हे माणसाला विशी-पंचविशीत, बेताच्या पगारात, एकदा कानांनी कळावं लागतं. ते कळण्याची साधनं गेल्या पंधरा-वीस वर्षांत महाग होत गेली, विरळ होत गेली, आणि नाशिकसारख्या शहरात तर डोळ्यांसमोरूनच गेली.

आणि हे नाशिकमध्ये व्हावं याचं मला विशेष वाईट वाटतं. गायक दत्तात्रेय विष्णु तथा बापूराव पलुस्कर इथे जन्मले, २८ मे १९२१ रोजी. वडील विष्णु दिगंबर यांनी उत्तरायुष्यात पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभारला होता. बापूराव २६ ऑक्टोबर १९५५ ला गेले तेव्हा अवघे चौतीस वर्षांचे होते. त्यांचं गाणं आपल्याला उरलं ते ध्वनिमुद्रणांतच, तीन-साडेतीन मिनिटांच्या ७८ गतीच्या तबकड्या आणि काही दीर्घ मुद्रणं. त्या तबकड्यांत खोल खर्ज नाही आणि झगमगता तार आवाजही नाही. त्या काळच्या यंत्रांनी पकडला तो मधला पट्टा, म्हणजे नेमका माणसाच्या गळ्याचा पट्टा. तो पट्टा जो स्पीकर प्रामाणिकपणे वाजवतो त्याच्यावर बापूरावांचा स्वर समोर बसल्यासारखा ऐकू येतो. आजचा स्वस्त ब्लूटूथ स्पीकर मात्र धमक दाखवण्यासाठी बांधलेला असतो. मुठीएवढ्या डब्यातून ठोका निघावा म्हणून आतली चिप खालचा आवाज फुगवते, तो फुगलेला आवाज गळ्यावर पसरतो, तंबोरा तर कुठल्या कुठे जातो. डग्ग्याची मींड आणि नुसता धप्प आवाज यांतला फरक ज्याने कधी ऐकलाच नाही, त्याने तो मागावा कसा?

आपलं बहुतेक संगीत नीट ऐकायला अफाट वॉट लागत नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत वीस वॉटचा धड ॲम्प पुरून उरतो. १९७८ साली आलेला एनएडी ३०२० हा ॲम्प नेमका तेवढ्याच ताकदीचा होता, दर वाहिनीला २० वॉट. दिसायला साधा, करड्या रंगाचा डबा, पण अवघड स्पीकरही तो न अडखळता वाजवायचा. जगभर हजारो लोकांची हाय-फायशी ओळख त्या एका डब्याने करून दिली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रेगाने प्लेनर ३ हे टर्नटेबल आणलं आणि पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला व्हार्फडेलने डायमंड हे छोटे स्पीकर. तिन्हींमागे विचार एकच होता. नव्याने पगार मिळवणाऱ्याला परवडेल अशा किमतीत खरा आवाज द्यायचा, आणि शोभेच्या सगळ्या गोष्टींना काट मारायची.

आपल्याकडे त्या काळात परदेशी माल येणंच दुरापास्त होतं. आखातातून आलेल्या एखाद्या मामाने आणलेला डेक अख्ख्या गल्लीत मिरवायचा. पण त्या बंद बाजारात देशी पायऱ्या तयार झाल्या होत्या हे आज आपण विसरतो. कोलकात्याची सोनोडाइन, मुंबईची कॉस्मिक, फिलिप्स, बुश, नंतर नॉर्ज. आणि त्यांच्याही खाली, सर्वांत रुंद पायरी होती असेंबल केलेल्या ॲम्पची. २एन३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, पत्र्याची पेटी. पुढे आयसीचा जमाना आला तेव्हा ४४४० चं बोर्ड, टीडीए २०३० चं बोर्ड, जरा पैसे असले तर एसटीके. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबापासच्या दुकानांतून यायचे. स्पीकरचे बॉक्स गल्लीतला सुतार करून द्यायचा. सर्किट ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकात छापून आलेलं असायचं, आणि ते जमवणारा हात बहुधा आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केलेल्या माणसाचा असायचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दिवसभर पॅनेल वायरिंग करून संध्याकाळी घरी ॲम्प जोडणारे लोक या शहरात होते.

ते सगळे ॲम्प चांगले होते असं म्हणणं खोटं ठरेल. कित्येकांत ‘हम’ यायचा, अर्थिंग नीट नसलं की बोट लावताच झटका बसायचा, आवाज जरा वाढवला की फाटायचा. पण त्यांत एक गुण होता, आणि या लेखात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच. ते ॲम्प दुरुस्त होत. ट्रान्झिस्टर उडाला तर बदलता येई. कॅपॅसिटर फुगले तर दोन काढून दोन लावता येत. वूफरची कॉइल जळाली तर बांधून मिळे, कोन फाटला तर नवा बसे. त्यामुळे एक ॲम्प तीन-चार घरांत नांदायचा. मोठ्या भावाने नवा घेतला की जुना धाकट्याकडे, त्याच्याकडून मित्राकडे. दुकानात जे मांडलेलं असे त्यापेक्षा या हातातून त्या हातात जाणाऱ्या वस्तूंनीच पहिली पायरी बनलेली होती.

१९९१ नंतर बाजार उघडला आणि सोनी, आयवा, फिलिप्सच्या मिनी सिस्टिमांनी घरं भरली. एकाच डब्यात कॅसेट, सीडी, रेडिओ, लुकलुकणारे दिवे, आणि जाहिरातीत ‘पीएमपीओ’चे हजार-दोन हजार वॉट. खरी ताकद त्याच्या अंशभरच असायची. त्या आकड्यांनी ग्राहकाच्या मनातून वॉटचा अर्थच पुसून टाकला. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने सान्सुई हे जपानी नाव भारतात आणलं, पण त्या नावाचा देशात बोलबाला झाला तो टीव्हीमुळे. जुन्या सान्सुई ॲम्पची आठवण काढली तर आज अनेकांना ती टीव्हीची कंपनी वाटते. तरीही २००० नंतरची दहा-बारा वर्षं बरी गेली. मुंबईच्या आयातदारांमार्फत एनएडी, मरांझ, डेनॉन, व्हार्फडेल यांचे सर्वांत लहान मॉडेल येत होते, आणि थोडं साठवलं की एक जोडी घेता येत होती.

मग डॉलर चढला. २००८ च्या सुरुवातीला एका डॉलरला जेमतेम चाळीस रुपये पडत. आता तो नव्वदीला टेकला आहे. म्हणजे ३०० डॉलरची स्पीकरची जोडी तेव्हा १२,००० रुपयांची होती, ती कंपनीने एक सेंटही न वाढवता आज २६,००० च्या पुढे गेली असती. त्यावर सीमाशुल्क. २०१९ च्या अर्थसंकल्पात लाउडस्पीकरवरचं मूळ शुल्क १० टक्क्यांवरून १५ झालं, २०२२ मध्ये १५ वरून २०. शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, आणि वर १८ टक्के जीएसटी. हिशेब करून पाहा. बंदरावर वीस हजारांना उतरलेली जोडी शुल्क आणि अधिभार मिळून २४,४०० ची होते. आयातदार आणि दुकानदार या दोघांचा मिळून चाळीस टक्के नफा धरला, आणि तो भाडं, पगार, डेमोचा माल यांच्यासाठी फार नाही, तर किंमत ३४,१६० होते. जीएसटी लागून ग्राहकाच्या हातात ती पडते चाळीस हजारांना. दुप्पट.

सरकारची बाजू मला कळते. देशात कारखाने उभे राहावेत म्हणून आयात महाग केली, आणि ब्लूटूथ स्पीकर, इअरफोन यांत देशी जोडणी वाढलीही. पण ज्या वर्गाच्या वस्तू देशात फारसं कोणी बनवतच नाही, त्यांच्यावर तेवढंच शुल्क लावून कारखाना उभा राहत नाही. ग्राहक तेवढा निघून जातो.

परदेशातही पहिली पायरी आकसतेच आहे, त्याची कारणं मात्र वेगळी आहेत. स्वस्त ॲम्प आणि महाग ॲम्प दोघांनाही साचा लागतो, विजेच्या सुरक्षेची प्रमाणपत्रं लागतात, खोकं लागतं, जहाजात जागा लागते. २०२१ मध्ये कंटेनरचे दर कित्येक पटींनी वाढले तेव्हा लाखाच्या स्पीकरला त्याचं काही वाटलं नाही, पण आठ हजारांच्या जोडीचं गणित कोलमडलं, कारण समुद्रात दोन्ही सारखीच जागा अडवतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथला असाही कासेईचा चिप कारखाना जळाला. डिजिटल संगीताचं रूपांतर करणाऱ्या ज्या चिप असंख्य कंपन्या वापरत होत्या त्या एकदम मिळेनाशा झाल्या. अनेकांना सर्किटच नव्याने आखावं लागलं, आणि असा खर्च उचलताना कंपनी आधी कोणतं मॉडेल बंद करते? सर्वांत कमी नफ्याचं.

काही मॉडेल तर कायमची गेली. शूर ही अमेरिकन कंपनी रेकॉर्डच्या सुया आणि कार्ट्रिज बनवण्यासाठी नावाजलेली. तिचं एम९७एक्सई हे कार्ट्रिज शंभर डॉलरच्या आसपास मिळायचं आणि कित्येकांच्या टर्नटेबलवर तेच असायचं. २०१८ मध्ये शूरने हा व्यवसायच बंद केला. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२ पासूनचं टर्नटेबल २०१० मध्ये थांबलं. २०१६ मध्ये ते परत आलं तेव्हा त्याची किंमत होती ४,००० डॉलर. मजबूत, कामाचं यंत्र म्हणून ज्याची ख्याती होती ते प्रतिष्ठेची वस्तू होऊन आलं. कमी किमतीची भावंडं नंतर आली, पण तीही हजार डॉलरच्या अलीकडे-पलीकडेच.

कंपन्यांचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. ओसाकाची ऑन्क्यो मे २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. डेनॉन, मरांझ, पोल्क, बॉवर्स अँड विल्किन्स ही नावं ज्या साउंड युनायटेडकडे होती ती २०२२ मध्ये मॅसिमो या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीने शंभर कोटी डॉलरहून थोड्या अधिक रकमेला घेतली आणि २०२५ मध्ये ३५ कोटी डॉलरला सॅमसंगच्या मालकीच्या हरमनला विकून टाकली. जेबीएल, इन्फिनिटी, आर्कम हरमनकडे आधीपासूनच आहेत. एकाच मालकाकडे इतकी नावं आली की त्याला पाच नावांचे पाच छोटे ॲम्प कशाला हवेत? डेनॉनचा छोटा आणि मरांझचा छोटा एकमेकांचेच ग्राहक खातात. मला भीती वाटते ती या गोष्टीची, कारण गेली वीस-पंचवीस वर्षं भारतात पहिली पायरी म्हणजे बव्हंशी हीच दोन-चार नावं होती.

नाशिकच्या ग्राहकाला आणखी एक अडचण आहे. ऐकायचं कुठे? स्पीकर हा वाचून किंवा चित्र पाहून घेण्याचा माल नव्हे. मुंबईत मोजकी दालनं आहेत, अधूनमधून हॉटेलांत प्रदर्शनं भरतात. पहाटे उठून नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस धरायची, मुंबईत उतरून दालन गाठायचं, आणि तिथे लाखालाखाचे स्पीकर ऐकून संध्याकाळी परत यायचं. तीस हजारवाल्यासाठी दालनात वेळ काढणारे भले लोक आहेत, पण डेमोला मांडलेलं लहानातलं लहान मॉडेलही त्याच्या हाताबाहेरचं असतं. नाशिकमध्ये कुणी असं दुकान काढायचं म्हटलं तर आवाज न घुमणारी खोली हवी, पाच-सहा जोड्यांचा माल अडकवायला हवा, आणि महिन्याला ग्राहक येणार मोजके. त्यामुळे या क्षेत्रातले जाणकार लोक इथे होम थिएटर आणि ऑटोमेशनकडे वळले. नवे बंगले, मोठे फ्लॅट होताहेत, तिथे पडदा, प्रोजेक्टर, छतातले स्पीकर असं एकगठ्ठा काम मिळतं. पोटापाण्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

चिनी मालाने ही पोकळी भरली असं म्हटलं जातं आणि त्यात तथ्य आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३११६ सारख्या चिपवर बांधलेले तळहाताएवढे ‘क्लास डी’ ॲम्प काही हजारांत मिळतात आणि मोजमापात ते जुन्या कित्येक नामांकित ॲम्पना मागे टाकतात. एडिफायरसारख्यांचे, ॲम्प आतच असलेले स्पीकर दहा-पंधरा हजारांत येतात. टेबलावर, हातभर अंतरावर ठेवले तर त्यांच्यावर गाणं खरंच छान ऐकू येतं, आणि आज नाशिकमध्ये कोणी मला विचारलं तर पंधरा हजारांच्या आत मी हाच सल्ला देईन. इअरफोनच्या बाबतीत तर हा सुवर्णकाळ आहे. दोन हजारांत वायरचे जे इअरफोन आज मिळतात, त्या तोडीचा आवाज पूर्वी दहापट पैशांतही दुर्मिळ होता.

मात्र दोन गोष्टी खटकतात. एक, हा मालही हळूहळू अडला. २०२० च्या नोव्हेंबरात अलीएक्स्प्रेसवर बंदी आली आणि थेट मागवण्याचा मोठा रस्ता बंद झाला. ब्लूटूथ स्पीकर, अडॅप्टर अशा वस्तूंना बीआयएसची नोंदणी लागते. सुरक्षेसाठी ती योग्यच आहे, पण तिचा खर्च लाखभर नग आणणाऱ्याला झेपतो, शे-दोनशे आणणाऱ्या छोट्या आयातदाराला जड जातो. दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. हे डबे दुरुस्त होत नाहीत. सगळं एका बोर्डावर, भाग डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक, सर्किटचा नकाशा कुठे मिळत नाही. अडॅप्टरने दगा दिला, बोर्ड गेलं, की डबा ई-कचऱ्यात. म्हणजे हा ॲम्प धाकट्या भावाकडे जात नाही. त्याचं दुसरं घर नाही. आजची स्वस्त वस्तू उद्याच्या कोणाची तरी पहिली पायरी होत नाही, आणि म्हणूनच जुन्या वस्तूंवर उड्या पडतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले मरांझ, सान्सुई, टेक्निक्स, जे वीस वर्षांपूर्वी भंगाराच्या भावात मुंबईच्या चोरबाजारात मिळत, त्यांना आज ‘व्हिंटेज’ म्हणून भाव आहे. जुनंही महाग झालं.

जे जुनं घेतात त्यांनी काही पाहून घ्यावं. अमेरिकेतून मुलाने बॅगेत आणलेला ॲम्प ११०-१२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० ला थेट लावला तर संपला. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावूनच तो चालवावा. आवाजाचं बटण फिरवताना खरखर आली तर घाबरू नये, बहुतेक वेळा ते साफ करून भागतं. पण गाणं बंद असताना स्पीकरचा कोन पुढे ढकलला जाऊन तिथेच राहत असेल तर ॲम्प डीसी सोडतो आहे, तो स्पीकर जाळेल. आत एसटीके आयसी असेल आणि तो गेलेला असेल, तर अस्सल सापडणं कठीण झालंय, नकलीच जास्त फिरतात. तीस-चाळीस वर्षं जुन्या ॲम्पचे मोठे कॅपॅसिटर बदलून घ्यावेत आणि तो खर्च किमतीत धरावा. जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम बोटाने दाबून पाहावा. भुगा झाला असेल तर तो बदलता येतो, पण भाव त्या प्रमाणात उतरवून मागावा.

आणि हे काम करणारे हात? एमजी रोडच्या आसपास, रविवार कारंजाकडे, नाशिकरोडला जे टेप-रेडिओ दुरुस्तीवाले होते त्यांतले बरेच आता एलईडी टीव्ही आणि मोबाइलकडे गेले. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम आजही आहे, पण ॲनालॉग ॲम्प उघडून त्याचा बायस लावून दाखवणारं माणूस नव्या पिढीला भेटेल तर ती शिकेल. ज्या काकांना ते येतं त्यांच्या हाताखाली दोन-चार मुलं बसली पाहिजेत, तीही लवकर.

नाशिकला याहून जास्त करता येईल असं मला मनापासून वाटतं. हे शहर विजेच्या सामानाचं शहर आहे. अंबड-सातपूरमध्ये ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे आहेत, पत्रा कापणारे, वाकवणारे, पावडर कोटिंग करणारे आहेत. स्टिरिओ ॲम्पच्या खर्चाचा मोठा हिस्सा खाणाऱ्या तीन वस्तू म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पेटी आणि हीटसिंक, आणि त्या तिन्ही इथे होऊ शकतात. उरलेलं सर्किट पन्नास वर्षं लोकांना माहीत आहे. दर वाहिनीला वीस-पंचवीस वॉट, दोन-तीन इनपुट, एक आवाजाचं बटण, हेडफोनची जागा. रिमोट नको, दिवे नकोत. आत सगळे भाग सहज सुटतील असे, आणि खोक्यात सर्किटचा नकाशा छापलेला. आयात शुल्काची भिंत आता उभी आहेच, तर तिच्या आडोशाला काहीतरी उगवावं. बाहेरून आलेल्या चाळीस हजारांच्या मालासमोर इथे पंधरा-अठरा हजारांचा ॲम्प टिकाव धरेल, शे-दीडशे नगांच्या छोट्या उत्पादनातही. कोलकात्यात, पुण्यात, दिल्लीत, कोचीत भारतीय लोकांनी स्पीकर आणि ॲम्प बनवून दाखवलेत. त्यांतले बरेचसे वरच्या किमतीचे आहेत एवढंच.

दुसरं काम तर पैशांचंही फारसं नाही. १८४० साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय या शहरात आहे, महाविद्यालयं आहेत, दिवाळीत पिंपळपारावर पहाटे गाणं ऐकायला गर्दी करणारे लोक आहेत. यांपैकी कुठेतरी एक ऐकण्याची खोली हवी. पुस्तकं चाळायला वाचनालयात जावं तसं तिथे जाऊन अर्धा तास बसावं, बापूराव पलुस्करांची तबकडी ऐकावी, मग तीच मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावी. एक दुरुस्त केलेला जुना ॲम्प, एक साधी स्पीकरची जोडी, भिंतीपासून दोन फूट पुढे आणि बसणाऱ्याच्या कानांच्या उंचीवर ठेवलेली, जाड पडदे, एक सतरंजी. पन्नास हजारांत ही खोली उभी राहते. शहरात किती घरांच्या माळ्यांवर बंद पडलेले सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स पडून आहेत. ते द्या, दुरुस्त करायला मुलांच्या हाती सोपवा, चारांतले दोन तरी चालू होतील.